चौथं कारण

आमच्या नागपूर विद्यापीठाच्या परीक्षांना हिवाळी आणि उन्हाळी अशी नावं आहेत. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती नुसती नावं वाटतात. ज्यानं उन्हाळी परीक्षेचा अभ्यास नागपुरात केला आहे, त्याला ठाऊक असतं की तो हवामान खात्याचा इशारा आहे. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, खिडकीत लोखंडी कूलर, कूलरला तिन्ही बाजूंनी ओल्या ताट्या, आणि आतला पंखा असा फिरतोय की जणू घरच उडवून कामठीला नेऊन ठेवायचं त्यानं मनावर घेतलंय. अशा पंख्यासमोर तुम्ही सुट्या कागदांवर नोट्स काढून बसलात, तर पाच मिनिटांत दुष्काळाची कारणं स्वयंपाकघरात आणि उपाय अंगणात तुळशीपाशी असतात.

त्यामुळे नोट्स कशा काढाव्यात यावर जगात कुणी काहीही म्हणो, नागपुरी विद्यार्थ्याचं पहिलं कौशल्य म्हणजे त्यावर वजन ठेवणं. आमच्या घरी अर्थशास्त्रावर वरवंटा असे, हिशेबशास्त्रावर खलातला बत्ता आणि वाणिज्य कायद्यावर तुरीच्या डाळीचा डबा. तरी ताट्यांतून उडणाऱ्या थेंबांवर इलाज नव्हता. मी शाईच्या पेनानं लिहायचो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी ‘राष्ट्रीय उत्पन्न’ या प्रकरणावर रात्रभर थेंब पडत राहिले आणि सकाळी पाहतो तो ते खरोखरच घटलेलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. वणीहून स्पर्धा परीक्षेसाठी आमच्याकडे आला आहे. पहिल्याच दिवशी तो बर्डीवर गेला आणि पाच रंगांचे हायलायटर, चिकटचिठ्ठ्यांची सहा पुडकी, दोन पट्ट्या आणि बारा वह्या घेऊन आला. मला वाटलं, पोरगं आता बसणार. तो बसलाही. पण लिहीत काही नव्हता, रेघा ओढत होता.

“काय करून राहिला बे?” मी विचारलं.

“मामा, आधी सिस्टीम सेट करून राहिलो.”

सिस्टीम अमेरिकेतली होती. तिकडे कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक म्हणून एक प्राध्यापक होते. मुलं वर्गात भाराभर लिहितात आणि परीक्षेला त्यातलं काहीच आठवत नाही, हे पाहून त्यांनी पानाची वाटणी करून दिली. उजवीकडे मोठा रकाना, त्यात ऐकलेलं-वाचलेलं. डावीकडे अरुंद रकाना, त्यात नंतर सुचलेले प्रश्न आणि खुणेचे शब्द. तळाशी आडवी पट्टी, तिच्यात सगळ्याचं सार. उजवा रकाना हातानं झाकायचा, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर आपलं आपण म्हणून पाहायचं. १९६२ साली त्यांनी हे पुस्तकात घातलं आणि तेव्हापासून जगभरची मुलं रेघा ओढत आहेत.

भाच्यानं तीन आठवडे रेघा ओढल्या. उजवा रकाना निळा, डावा लाल, तळपट्टी हिरवी. बाराही वह्या इतक्या देखण्या झाल्या की त्यात काही लिहायला त्याचाच हात धजेना.

मी मात्र ते पान पाहून चमकलो, कारण असलं पान मी आधी पाहिलेलं होतं. पदवीनंतर माझी पहिली नोकरी इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवर होती. तिथं एक वयस्क मुनीमजी गादीवर बसून लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहीत. दिवसभर जे घडेल ते घडेल त्या क्रमानं कीर्दीत उतरवायचं. कोण आलं, काय नेलं, किती देऊन गेलं, सगळं. संध्याकाळी दुकानाची फळी अर्धी लागली की कीर्दीतली एकेक नोंद उचलून खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर टाकायची. मला वाटे, एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची? मुनीमजी म्हणाले, “कीर्द म्हणजे काय झालं ते. खतावणी म्हणजे कोणाचं काय झालं ते.” खतावल्याशिवाय ते घरी जात नसत, आणि जाताना कुणाकडे किती येणं आहे हे त्यांना वही न उघडता सांगता येई. कॉर्नेलला इतवारीचा पत्ता माहीत नव्हता, एवढंच. आम्ही कॉलेजातली पोरं मात्र तीन वर्षं नुसती कीर्द लिहीत होतो. खतावणी कुणाच्याच बापानं केली नाही.

खरं तर कीर्दही आम्ही लिहीत नव्हतो. ती वर्गातली एक मुलगी लिहायची.

अशी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते. पहिला बाक, मोत्यासारखं अक्षर, समासाची रेघ सरळ, मुद्द्यांना आकडे. आमच्या वर्गातल्या या मुलीची अर्थशास्त्राची वही परीक्षेआधी महिनाभर तिच्या घरी परतत नसे. एका रात्रीसाठी एकाकडे, दुसऱ्या रात्रीसाठी दुसऱ्याकडे, आणि मग कुणीतरी ती झेरॉक्सच्या दुकानात घेऊन जाई. मूळ वहीवरून पहिली प्रत, पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. माझ्याकडे आलेली प्रत बहुधा पाचव्या पिढीची असावी. तिच्यात अनुस्वार गळाले होते, टिंबं वाढली होती, आणि ‘नाही’ हा शब्द समासाच्या फार जवळ असल्यानं बऱ्याच ठिकाणी कापला गेला होता. त्यामुळे सरकारच्या औद्योगिक धोरणाबद्दल आमच्या बॅचचं मत फार अनुकूल होतं.

त्या वर्षीच्या चाचणीत एक प्रश्न आला : लघुउद्योगांच्या मागासलेपणाची कारणे सांगा. आठवड्यानं सर पेपर घेऊन वर्गात आले. सर गंभीर प्रकृतीचे. चष्मा पुसून त्यांनी एक उत्तर वाचायला घेतलं. “एक, भांडवलाचा अभाव. दोन, जुनाट यंत्रसामग्री. तीन, बाजारपेठेची अपुरी माहिती. चार,” इथं ते थांबले, “शनिवारी दळण.”

वर्ग गप्प. सरांनी दुसरा पेपर उचलला. त्यातही चौथं कारण शनिवारी दळण. असे सतरा पेपर निघाले. बऱ्याच जणांनी नुसतं कारण देऊन सोडलं होतं, पण काहींना विवेचनाची हौस होती. एकानं लिहिलं होतं की शनिवारी दळणाची समस्या ग्रामीण भागात विशेष तीव्र आहे. दुसऱ्यानं वीजटंचाईचा संदर्भ देऊन पिठाच्या गिरण्यांवर पडणारा शनिवारचा ताण उलगडून दाखवला होता. तिसरा तर ‘यावर शासनाने तातडीने उपाययोजना करणे गरजेचे आहे’ इथपर्यंत पोचला होता. मूळ वहीत कुणीतरी समासात पेन्सिलीनं घरचं काम टिपून ठेवलं होतं आणि यंत्रानं ते इमानेइतबारे तिसऱ्या कारणाखाली आणून बसवलं होतं. ते अक्षर कुणाचं, याचा त्या मुलीनं पुष्कळ दिवस शोध घेतला. सरांनी सतराही जणांना त्या मुद्द्याचा अर्धा-अर्धा गुण दिला. म्हणाले, निदान चौथ्या क्रमांकापर्यंत वाचल्याबद्दल.

दुसऱ्याच्या नोट्समध्ये ही अडचण असतेच. त्याचा विचार कुठं संपला आणि त्याचं दळण कुठं सुरू झालं, ते आपल्याला कळत नाही.

भाच्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, “मामा, आता कोण झेरॉक्स करते? आता पीडीएफ.” त्यानं फोन दाखवला. एकट्या राज्यशास्त्रावर दोनशेच्या वर पीडीएफ. टॉपर अमुकच्या नोट्स, टॉपर तमुकच्या नोट्स, शेवटच्या पंधरा दिवसांच्या नोट्स. “यातल्या वाचल्या किती?” “डाऊनलोड करून ठेवल्या ना.” फोनात असणं म्हणजे डोक्यात असणं, अशी ही नवी श्रद्धा. आमच्या वेळी निदान झेरॉक्सच्या दुकानापर्यंत उन्हातून चालत जावं लागे, तेवढा तरी अभ्यास होई.

त्याची अभ्यासिका पाहायला मी एकदा गेलो. लाकडी फळ्यांचे खुराडे, प्रत्येकात एक दिवा, एक प्लगपॉइंट आणि एक मूल. गडचिरोलीचं, भंडाऱ्याचं, गोंदियाचं, पुसदचं. भिंतीवर ‘शांतता राखा’. आतल्या शांततेला तोड नव्हती, कारण निम्मी जागा रिकामी होती. निम्मी मुलं खाली टपरीवर तर्रीपोह्यांच्या प्लेटा धरून आयोगाच्या धोरणावर बोलत होती. जी आत होती त्यांची पुस्तकं पाहिली. पानंच्या पानं पिवळी. आधी महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, मग त्यांच्या आजूबाजूच्या, कारण त्याही महत्त्वाच्या वाटल्या, आणि शेवटी न रंगवलेल्या दोन-तीन ओळीच उठून दिसत होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पिवळी मारबत निघते, तशी ती पुस्तकं दिसत होती. मारबत निदान मिरवून झाल्यावर जाळतात.

या हायलायटरचा निकाल तसा केव्हाच लागलेला आहे. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. ओळी रंगवणं आणि तेच-तेच पुन्हा वाचणं या सर्वांत लाडक्या पद्धती कमी उपयोगाच्या गटात गेल्या. वरच्या गटात बसल्या दोनच : स्वतःची परीक्षा घेत राहणं आणि अभ्यास थोडा-थोडा, दिवसांत अंतर ठेवून करणं. म्हणजे आपल्या आज्या ‘पुस्तक मिट आणि म्हणून दाखव’ म्हणायच्या, तेच. फक्त आजीनं ते कुठल्या नियतकालिकात छापलं नव्हतं.

आता वेगवान वाचनाकडे येतो, कारण त्यात माझा हात पोळलेला आहे. दहाएक वर्षांपूर्वी मी धरमपेठेत अशा एका वर्गाला गेलो होतो. तीन दिवसांचा वर्ग, हातात स्टॉपवॉच घेतलेले एक उत्साही गृहस्थ. ओठ हलवायचे नाहीत, मनातल्या मनात उच्चार करायचा नाही, बोट ओळीवरून पळवायचं आणि नजर बोटामागं. ही बोटाची युक्ती १९५९मध्ये अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेनं वर्ग काढून लोकप्रिय केली होती. पहिल्या दिवशी माझा वेग निघाला मिनिटाला एकशे नव्वद शब्द. तिसऱ्या दिवशी सातशे. टाळ्या झाल्या. समजलं किती, हा प्रश्न बहुधा चौथ्या दिवसासाठी राखून ठेवला होता, आणि वर्ग तीनच दिवसांचा होता.

त्याच आठवड्यात एका मित्राच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मी ती चार सेकंदांत वाचली. गणपती, कुलदेवता, तारीख, गोरज मुहूर्त, वर्धा रोड. झालं. लग्नाच्या संध्याकाळी वर्धा रोडवरच्या पहिल्याच रोषणाईच्या लॉनवर आम्ही गाडी लावली. दारात गुलाबपाणी झालं, अत्तर झालं, कुणीतरी हात धरून थेट जेवणाकडे नेलं. सांबारवडी उत्तम होती. आहेराचं पाकीट देताना बायको माझ्या कानात म्हणाली, “नवरी आपल्या ओळखीची वाटून नाही राहिली.” मी म्हणालो, मेकअप. घरी येऊन तिनं पत्रिका तिच्या वेगानं वाचली. आमचं लॉन तिथून चौथं होतं.

मग जरा शोध घेतला, तेव्हा कळलं की दोष माझ्या एकट्याचा नव्हता. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. उडी, थांबा, उडी, थांबा. स्पष्ट दिसतं ते थांब्यावरच, आणि तेही मोजक्या अक्षरांपुरतं. बाकीचं डोळ्याच्या कडेला धूसर. बोट कितीही पळवा, डोळ्याच्या मधल्या बिंदूचा आकार काही वाढत नाही. २०१६ साली कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचं सगळं संशोधन एकत्र करून सांगितलं की वेग वाढवला की समज उतरते, दोन्ही एकदम पदरात पडत नाही. २०१९मध्ये मार्क ब्रिसबार्ट यांनी हिशेब मांडला, तर मोठ्या माणसाचा इंग्रजी ललितेतर गद्य मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. म्हणजे पहिल्या दिवशीचा एकशे नव्वदचा मी काही अगदीच मागास नव्हतो. फी मात्र मी सातशेची भरली होती.

तरीही काही माणसं झरझर वाचतात हे खरं, आणि मी ती पाहिली आहेत. आपल्या हायकोर्टाच्या आवारात एखाद्या मुरलेल्या वकिलाच्या हातात सातबारा द्या. आपण गाव, तालुका, गट नंबर असे वरून उतरत असतो. त्याची नजर एकदम ‘इतर हक्क’ या रकान्यावर जाऊन बसलेली असते, कारण बँकेचा बोजा, कुळ, वाद, सगळी भानगड तिथं असते. अर्ध्या मिनिटात कागद परत देतो. “घेऊ नका.” याला कुणी बोट पळवायला शिकवलेलं नाही. त्यानं आयुष्यभर सातबारे वाचले आहेत म्हणून त्याला काय वाचायचं नाही ते कळतं. भाचासुद्धा क्रिकेटची बातमी डोळ्यांनी पिऊन टाकतो आणि पंचायत राजच्या पानावर बैलगाडी होतो. डोळे दोन्हीकडे तेच. पण राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरात दोन तासांत ऐंशी प्रश्न असतात आणि त्यात लांबलचक उतारे. तिथं बैलगाडी चालत नाही, म्हणून पोरं सातशेवाल्यांच्या वर्गाला जातात.

माझ्या मते नोट्स काढण्याचं सर्वांत मोठं काम विदर्भातच झालं, आणि हे मी वऱ्हाडाच्या अभिमानानं म्हणत नाही. ते केलं म्हाइंभटांनी. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी अमरावतीजवळच्या रिद्धपुरात जमले. तिथं सुमारे १२७८मध्ये म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून ऐकायचं, टिपायचं, नागदेवाचार्यांना दाखवून तपासून घ्यायचं. त्यातून लीळाचरित्र झालं. एकाच आठवणीचे दोन सांगणारे दोन तऱ्हेनं सांगत असतील, तर या ग्रंथात तो वेगळा पाठही नोंदलेला दिसतो. आमच्या सतरा जणांपैकी एकानं जरी ‘चौथ्या कारणाविषयी मतभेद आहेत’ असं लिहिलं असतं, तरी बॅचची अब्रू राहिली असती. या लीळाचरित्राचं संपादन करणारे वि. भि. कोलते आमच्याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ आलं आहे.

पुढची गोष्ट अभ्यासिकेच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि हिराइसेसारख्या अनुयायांना ती पाठ होती म्हणून पुन्हा लिहिता आली, असं पंथाची परंपरा सांगते. पीडीएफ उडाली, पण हिराइसा होती. नंतर महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, त्यामुळे बाहेरच्यांना त्या कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत. माझ्या स्वतःच्या बी.कॉम.च्या नोट्सही सांकेतिक लिपीत आहेत. फरक इतकाच, की त्या मलाही वाचता येत नाहीत.

त्यातच भाच्यावर आणखी एक आभाळ कोसळलं. २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. चार पर्यायांतून एकावर टिंब काळं करणाऱ्या पिढीला आता उत्तरं हातानं लिहायची आहेत. भाच्यानं एक पान लिहिलं आणि मनगट चोळत बसला. मी त्याला मोडीची गोष्ट सांगितली. जुने कारकून आधी पानभर शिरोरेघा ओढून घेत आणि मग बोरू फारसा न उचलता त्यांना टांगत अक्षरं लिहीत जात. “पाहा, तेही आधी रेघाच ओढायचे,” तो म्हणाला. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी लाईट गेली. कूलर बंद, फोनची बॅटरी संपलेली, पीडीएफ अंधारात. बायको अंगणात वर्षाचे गहू निवडत बसली होती. भाचा तिच्याजवळ जाऊन बसला आणि कंटाळून तिला पंचायत राज सांगू लागला. ग्रामसभा, ग्रामपंचायत, पंचायत समिती. ती खडे वेचत ऐकत होती. मध्येच म्हणाली, “पण सरपंच ऐकूनच नाही राहिला कोणाचं, तर त्याला काढते कोण?” तो अविश्वास ठरावापर्यंत आला आणि तो किती जणांनी मंजूर करायचा, तिथं अडकला. लाईट आल्याबरोबर आत धावला, पुस्तक उघडलं, बाहेर येऊन तिला सांगितलं. तिनं आणखी दोन प्रश्न विचारले. तो पुन्हा आत. असं नऊ वाजेपर्यंत चाललं. सूप भरून गहू झाले, आणि पहिल्यांदाच बारा वह्यांपैकी एकीच्या डाव्या रकान्यात प्रश्न आले.

तो जेवायला उठल्यावर मी ती वही पाहिली. सरपंचाला कोण काढतं? ग्रामसभा नाही घेतली तर? पैसा येतो कुठून? आणि त्याखाली, त्याच अक्षरात, चौथी ओळ : मामी, शनिवारी दळण.

इतकी वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही. त्या मुलीची अर्थशास्त्राची वही एका रात्रीसाठी माझ्याकडे होती. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलं, हाताशी दुसरा कागद नव्हता, होते ते कूलरनं उडाले होते, म्हणून समासात टिपून ठेवलं. तिनं आणि अर्ध्या गुणाच्या त्या सोळा जणांनी मला माफ करावं. सतरावा मीच. आणि त्या शनिवारी मी दळण आणलंच नव्हतं.